‘भडकणारी कृष्णविवरं’ : चाळीसगावच्या गुरुजींना उत्तर

गुरुजी, रामराम.

माझ्या ‘भडकणारी कृष्णविवरं’ या लेखावर तुम्ही लिहिलंत, “ज्यातून प्रकाशही सुटत नाही ते भडकतं कसं? आणि बारा वर्षांनी ठरल्या वेळी भडकतं म्हणे, हे काय पंचांग आहे? पाटणादेवीच्या मुलखात, भास्कराचार्यांच्या शेजारी बसून असं ढोबळ लिहू नये.” टोला बसला. पहिल्या मुद्द्यावर माझं शीर्षक दोषी आहे, दुसऱ्यावर मी स्वतः.

कृष्णविवर भडकत नाही. भडकतो त्याच्याभोवती फिरणारा वायू. गिरणीतून नुकतं आणलेलं कळण्याचं पीठ हाताला कसं गरम लागतं? दगडावर दगड घासल्यामुळे. इथे वायूचे थर घासतात : आतला जोरात फिरतो, बाहेरचा सावकाश. सगळा उजेड विवराच्या सीमेबाहेरचा; आत गेलं ते गेलं. हायड्रोजनपासून हेलियम बनवताना सूर्याच्या पदरात वस्तुमानाच्या 0.7 टक्के ऊर्जा पडते, इथे साधारण 10 टक्के निघू शकते. त्यात काही वेळा विवराजवळून निघालेला झोत नेमका आपल्याकडेच रोखलेला असतो, मग तेज आणखी वाढलेलं दिसतं.

एवढा उजेड किती लहान जागेतून येतो, ते कळण्याची युक्ती मला खुद्द कृष्णविवरांपेक्षा जास्त आवडते. तेज चार दिवसांत दुप्पट झालं, तर उजळणारा भाग प्रकाशाला चार दिवसांत ओलांडता येईल त्याहून फार मोठा नसणार. नाहीतर एका टोकाची बातमी दुसऱ्या टोकाला पोचायच्या आत तो एकदम उजळेल कसा? (झोताचा वेग हे गणित थोडं बिघडवतो, पण मुद्दा तोच.)

आता पंचांग. मी लिहिलं होतं ते ओजे 287 बद्दल, म्हणजे एका दूरच्या दीर्घिकेच्या तेजस्वी गाभ्याबद्दल. कल्पना अशी की तिथे दोन विवरं आहेत, एक वस्तुमानाने सूर्याच्या सुमारे 18 अब्ज पट, दुसरं 15 कोटी पट; लहान विवर बारा वर्षांच्या एका फेरीत मोठ्याभोवती फिरणाऱ्या वायूची तबकडी दोनदा भेदतं आणि दर वेळी भडका उडतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले संशोधकही या गणितात होते. 31 जुलै 2019 चा भडका त्यांनी सांगितलेल्या वेळेपासून चार तासांच्या आत आला. पृथ्वीवरून तेव्हा ओजे 287 सूर्याच्या बाजूला दडलेलं. अंतराळात दूर, वेगळ्या जागी असलेल्या स्पिट्झर दुर्बिणीला ते दिसलं. एवढं लिहून मी टाळी घेतली.

पुढचं लिहिलं नाही, तीच माझी चूक. ऑक्टोबर 2022 मध्ये अपेक्षित असलेला मोठा भडका दिसलाच नाही. 2023 मध्ये दुसऱ्या एका गटाने मांडलं की मुख्य विवर 18 अब्ज पट नसून 10 कोटी पटींच्या आसपास असावं. जोडीचं गणित मांडणाऱ्यांना ते मान्य नाही, वाद चालू आहे. मी मात्र एका बाजूचं गणित निकाल लागल्यासारखं छापलं. लेखात आता दुरुस्ती केली आहे. शीर्षक राहू दिलंय, नाहीतर तुमची प्रतिक्रिया वाऱ्यावर लोंबकळेल.

“हे कुणी डोळ्यांनी पाहिलंय का?” असंही विचारलंत. ओजे 287 आमच्या आठ इंची दुर्बिणीला जड जातं, पण कन्या राशीतलं 3सी 273, असाच एक तेजस्वी गाभा, जमतं. त्याचा उजेड सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी निघालेला. जानेवारीअखेर मध्यरात्रीनंतर यावलजवळच्या मळ्यात या. वांगी तोवर असतात, भरीत मी भाजेन. स्वेटर मात्र आणा, केळीच्या बागेत गारठा फार.