चमकते जंतू, टिश्यूची केळी आणि एक फॉरवर्ड

आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक फोटो फिरतोय. गोल ताटलीत समुद्रकिनारा, ताडाची झाडं, सूर्य, सगळं झगमगीत रंगांत. खाली मजकूर: 'हे रंग नाहीत, जिवंत जंतू आहेत. नव्या शोधातले हे जंतू अंधारात आपोआप चमकतात, रोग देतात, कशानेच मरत नाहीत. टिश्यूची केळीही अशीच बनवतात.' रावेर-यावलच्या केळीवाल्या माणसाची झोप उडवायला शेवटचं वाक्य पुरेसं आहे.

पहिलं वाक्य खरं. चित्र जंतूंचंच आहे.

शोध मात्र नवा नाही. जेलीफिशमधलं, दिव्याखाली चमकणारं हिरवं प्रथिन ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ साली वेगळं केलं. मार्टिन चाल्फी यांनी १९९४ साली त्याचं जनुक जंतूत चालवून दाखवलं. रॉजर त्सिएन यांनी त्यातून रंगांची पेटीच तयार केली. तिघांना २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. फिरणारा फोटोही त्सिएन यांच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेतलाच, आठ रंगांच्या प्रथिनांचा.

'आपोआप चमकतात' हेही चूक. काजवा स्वतःचा उजेड करतो, हे जंतू करत नाहीत. सराफाच्या गल्ल्यावर नोट तपासायचा जांभळा दिवा असतो ना, त्याखाली नोटेतला धागा उजळतो, तसंच हे. दिवा बंद, चित्र बंद. आणि गंमत म्हणजे काढणाऱ्यालाही ते आधी दिसत नाही. समुद्री शेवाळापासून केलेल्या अगारच्या जेलीवर जंतूंचं पातळ पाणी काडीने टिपायचं, ताटली ३७ अंशांवर रात्रभर ठेवायची. सकाळपर्यंत जंतू वाढतात आणि दिव्याखाली रांगोळी उमटते. फार दिवस ठेवली तर ठिपके एकमेकांत घुसतात, रेघा फिसकटतात. मागे उरतो तो फोटोच.

रोगाचं म्हणाल तर यासाठी सहसा ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूचे प्रयोगशाळेतले पाळीव वाण वापरतात. त्यांतला के-१२ हा १९२२ पासून बाटल्यांत वाढतोय, आपल्या आतड्यात टिकून राहायचं तो जवळपास विसरलाय. 'मरत नाहीत' याला उत्तर एका ओळीचं: १२१ अंशांच्या दाबाच्या वाफेत पंधरा-वीस मिनिटं, की खेळ खलास.

आता केळी. टिश्यूचं रोप म्हणजे जी-नाइन या केळीच्या वाणाच्या कंदातल्या कोंबाचा तुकडा बाटलीत वाढवलेला. त्यात बाहेरचं जनुक नाही. दोन्हीकडे सामाईक काय, तर तीच अगारची जेली. परकं जनुक बघायचंच असेल तर बांधापलीकडच्या कपाशीत बघा भाऊ. बीटी २००२ पासून आपणच पेरतोय, आणि ते जनुकही जंतूचंच आहे. ती कपाशी कुणाला चमकताना दिसली?

भीती दाखवायचीच होती, तर फॉरवर्डवाल्याने खरा मुद्दा सोडला. चमकणाऱ्या जनुकासोबत बहुधा अँपिसिलिन या जंतुनाशक औषधाला दाद न देणारं जनुकही घालतात, म्हणजे त्या औषधाच्या ताटलीत हवे तेवढेच जंतू वाढतात. हे जनुक दुसऱ्या जंतूंकडे जाऊ शकतं. म्हणून अशा ताटल्या मोरीत ओतायच्या नसतात, आणि आपल्याकडे अशा कामाला १९८९ चे नियम आहेत, संस्थेत जैवसुरक्षा समिती लागते.

बारावीतल्या भाच्याने विचारलं, "मामा, घरी करू का?" नाही म्हटलं. त्याऐवजी वाटीभर सॅनिटायझरमध्ये चिमूटभर हळद टाकून दिली आणि नोटांचा दिवा आणायला सांगितला. हळद त्याखाली पिवळी-हिरवी उजळते.