रावसासाठी पावसाळ्यात खडकांवर जाऊ नका

जून लागला, की गरवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. थोडक्यात तो असा: रावस म्हणजे आपला सॅल्मन, आणि सॅल्मनसारखाच तो पहिल्या पावसाबरोबर नदीकडे निघतो. त्यात बोटी बंद, त्यामुळे थेट किनाऱ्याला लागतो. पौर्णिमेच्या पहाटे, भरतीच्या अगदी टोकाला, वांद्र्याच्या बँडस्टँडच्या खडकांवरून नाहीतर मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवरून (लाटा अडवायला टाकलेल्या काँक्रीटच्या चार पायांच्या ठोकळ्यांवरून) गळ टाका. पाणी नितळ असेल तर हमखास लागणार. छोटे रावस सोडू नका, तेच गोड लागतात.

यातलं जवळजवळ एकही वाक्य खरं नाही. मासा लागला नाही तर फार काही बिघडत नाही. पण हा मेसेज वाचून माणसं भर पावसाळ्यात निसरड्या खडकांवर जाऊन उभी राहतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सॅल्मन आणि रावस यांचं कूळच वेगळं. सॅल्मन उत्तरेकडच्या थंड समुद्रांतला. गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदी चढतो. पॅसिफिकमधल्या बहुतेक जाती तर एकदाच अंडी घालतात आणि मरतात. म्हणूनच अलास्का किंवा ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर त्याचा मोठा हंगाम उन्हाळ्यापासून शरदापर्यंत चालतो, आणि लोक नद्यांच्या तोंडाशी, परतीच्या वाटेवरच त्याला गाठतात. तिथलं हे गणित कोणीतरी उचलून मुंबईला लावलेलं दिसतं. रावसही खाडीत शिरतो, निमखाऱ्या पाण्यात मजेत राहतो, पण अंडी घालायला नदी चढत नाही. तो येतो पोटासाठी. कोळंबी, जवळा, मांदेली, बोयची पिल्लं जिथे असतील तिथे रावस. हंगाम आणि जागा यांचा विचार इथूनच सुरू करायला हवा.

पावसाळ्यात खाड्यांतून गोड्या पाण्याचा लोंढा बाहेर पडत असतो आणि समोरून लाटा थडकत असतात. अशात एखादा रावस लागतोही, नाही असं नाही. पण खरा हंगाम पाऊस ओसरल्यावरचा. ऑक्टोबरात समुद्र शांत होतो, खाड्यांमध्ये खारं पाणी परत चढतं, पावसात वाढलेली कोळंबी आणि बारीक मासळी खाडीच्या तोंडांशी जमते. तिथून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस धरा.

बोटी बंद म्हणून मासा किनाऱ्याला येतो, हा तर्क ऐकायला बरा वाटतो, एवढंच. 1 जून ते 31 जुलैची बंदी यांत्रिक बोटींना आहे, बिनइंजिनाच्या पारंपरिक होड्यांना नाही. ती असते माशांच्या विणीसाठी आणि खवळलेल्या समुद्रात माणसांचे जीव जाऊ नयेत म्हणून. दूरवरचे ट्रॉलर थांबले म्हणून रावस बँडस्टँडला येईल, असं काही नसतं.

आता पौर्णिमेची पहाट. मुंबईत पौर्णिमा-अमावस्येला पूर्ण भरती दुपारी बाराच्या पुढेमागे होते, आणि दुसरी मध्यरात्रीच्या सुमारास. पहाटे सहाला पाणी पार खाली असतं. म्हणजे मेसेजमध्ये सांगितलेली वेळ मुंबईच्या किनाऱ्यावर येतच नाही! किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीचा तास काढतात. त्यात थोडी भर घातली, की भरतीच्या तक्त्याशी बऱ्यापैकी जुळतं. हा हिशेब एकदा हाताशी आला, की असे मेसेज वाचताक्षणी पकडता येतात. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास. दशमी-एकादशीला आठ-नऊला, म्हणजे पहाट चढत्या पाण्यात सापडते. ज्याला पहाटेच जायचंय, त्याने हे दिवस निवडावेत.

भरतीचं टोक गाठा, हा सल्लाही उलटा आहे. टोकाला पाणी थबकतं. सहा तासांच्या चढीत तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी आत येतं, आणि रावस त्या धावत्या पाण्याबरोबर कोळंबीच्या मागे उथळावर शिरतो. ओहोटी लागली, की बारीक मासळी खाडीतून बाहेर खेचली जाते, तेव्हा तो तोंडाशी वाट बघत असतो. पाणी थांबलं, की दोर गुंडाळून चहा प्यावा.

खडकांबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. ताजा रावस हातात घेऊन छातीच्या परांखाली बघा. दोन्ही बाजूंना चार-चार सुटे, लांब तंतू लोंबत असतात. त्यांनी तो गढूळ पाण्यात तळ चाचपतो. डोळ्यांवर चरबीचा पातळ दुधी पडदा, तोंड नाकाडाच्या खाली. हा सगळा साज चिखल आणि वाळूच्या सपाट तळासाठी आहे. कपारींत हेकरू राहतो, तांब राहतो. त्यांच्यासाठी खडक ठीक, तेही हिवाळ्यात. आणि नितळ पाण्याची अटही यातच निकालात निघते. चहाच्या रंगाचं पाणी बघून परत फिरणारा माणूस रावसाच्या घराच्या दारातून परततो.

मुंबईत असा तळ उत्तरेकडे आहे. मनोरी खाडीचं तोंड (मार्व्याहून फेरीबोट आहेच), गोराईची वाळू, वर्सोवा आणि मढ यांच्यामधलं मालाड खाडीचं तोंड, आणि उत्तनच्या पुढे वसईची खाडी. सुकतीला, म्हणजे पाणी पार उतरल्यावर, तिथे जाऊन नुसतं उभं राहा. ओल्या वाळूतल्या वळ्यांमध्ये टीचभर पाणी साचलेलं असतं आणि पाऊल टाकलं, की त्यातून कोळंबीची पिल्लं टणाटण उडतात. खोलगट चर कुठून आत गेलाय ते नीट बघून ठेवा. पाणी चढलं, की त्याच चरावर आमिष टाकायचं. या तोंडांवर कोळी बांधवांच्या डोली, म्हणजे खुंटांना बांधलेली पिशवीसारखी जाळी, लागलेल्या असतात. खुंटांच्या आसपास गळ टाकू नका. जाळं फाटलं, की त्यांचा पूर्ण दिवस जातो. माहीमच्या तोंडाशीही रावस लागतो, पण तिथे मिठी नदीचं घाण पाणी येतं. तो मी घरी नेणार नाही, तुम्हीही नेऊ नका.

आणि टेट्रापॉड. त्यांच्यावर हिरवं शेवाळ चढलेलं असतं आणि दोन ठोकळ्यांमधली फट किती खोल आहे ते वरून कळत नाही. लाट खालून येते, फटीतून वर उसळते आणि जाताना सगळं आत ओढते. जाड बूट, हातातला रॉड आणि खांद्यावरची बॅग घेऊन आत गेलेल्या माणसाला बाहेर काढणं जीवरक्षकांनाही कठीण. 4.5 मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस पालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. ते पौर्णिमा-अमावस्येच्या आसपासचेच असतात, म्हणजे मेसेज जेव्हा जायला सांगतो तेव्हाचे. त्या यादीतल्या दिवशी घरी बसा. ग्रुपवर कोणी निघालेला दिसला, तर त्याला फोन करून थांबवा.

राहिला छोट्या रावसांचा मुद्दा. रावस आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर त्याची मादी होते. वीतभर पिल्लं तळून खाल्ली, की उद्याच्या अंडी घालणाऱ्या माद्याच संपतात. राज्य सरकारने 2023 मध्ये 54 जातींसाठी किमान आकार ठरवून दिले, त्यामागे हाच विचार आहे. लहान लागला तर हात ओला करून धरा, गळ चिमट्याने सोडवा, पाण्यात तोंड प्रवाहाकडे करून धरून ठेवा. शेपटी जोरात हलवायला लागला, की सोडा.