पगार घेतला म्हणून हिशेब मिटत नाही

माजी सैनिकांच्या सन्मानाला आक्षेप घेणारा एक मजकूर सध्या मोबाइलवरून सर्वत्र फिरतो आहे. सैनिकाने स्वखुशीने नोकरी पत्करली आणि तिचा पगार घेतला. बहुतेकांनी उभ्या नोकरीत शत्रू पाहिलाही नाही. निवृत्तीनंतर पेन्शन, कॅन्टीन, आरक्षण असे सगळे मिळतेच. मग वेगळा मान कशासाठी, असा त्याचा आशय आहे. दूरचित्रवाणीवरील देशभक्तीच्या आरडाओरड्याला लेखक कंटाळला असेल तर मीही कंटाळलो आहे. परंतु त्याची विधाने तपासली असता टिकत नाहीत.

भरती स्वखुशीने होते, हे खरे. मात्र भरती झाल्यानंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३नुसार सैनिकाच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला आहे, आणि १९५०च्या सेना कायद्याने तो वापरलाही आहे. सैनिकाला संघटना काढता येत नाही, संप करता येत नाही, आणि काम जिवावरचे आहे म्हणून उद्यापासून येत नाही असेही सांगता येत नाही. युद्धकाळात पहाऱ्यावर झोप लागली तर देहान्तापर्यंतची शिक्षा त्याच कायद्यात आहे. अशा अटी दुसऱ्या कोणत्या पगारी नोकरीच्या नेमणूकपत्रात असतात, हे त्या लेखकाने सांगावे.

शत्रू न पाहिल्याच्या मुद्द्यावर मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण पुरेसे आहे. ते यंत्रांची देखभाल-दुरुस्ती करणाऱ्या ईएमई दलातले, म्हणजे मजकुराच्या हिशेबाने लढाईपासून दूरचे. १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. १९७२मध्ये हायडेलबर्ग येथे पोहण्यात त्यांनी भारताला पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री मिळाली २०१८मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी. सियाचीनवर तर गोळीची गरजही पडत नाही; १९८४पासून तिथे शत्रूपेक्षा थंडी, हिमस्खलन आणि विरळ हवा यांनीच अधिक जवान गिळले आहेत.

‘सगळे मिळतेच’ हे विधान सर्वांत फसवे आहे, कारण ते अर्धे खरे आहे. पेन्शन ही मालकाच्या मर्जीवरची खैरात नसून हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२च्या नकारा खटल्यात स्पष्ट केले. तेव्हा देणे फेडले म्हणजे उपकार केला, असा आव आणता येत नाही. शिवाय तो हक्कही सर्वांना नाही. जवानाला त्यासाठी साधारणपणे १५ वर्षे सेवा लागते. दहा-चौदा वर्षे काढून बाहेर पडणाऱ्या शॉर्ट सर्व्हिस अधिकाऱ्याला नियमित पेन्शन नाही. २०२२च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर एका तुकडीतील २५ टक्क्यांपर्यंतच जवान कायम होतात, आणि बाकीचे पेन्शनविना परततात. जो पेन्शनीला पात्र ठरतो तोही पुष्कळदा चाळिशीच्या आत-बाहेर घरी येतो, जेव्हा मुले शाळेत असतात. केंद्र सरकारच्या गट ‘क’मधील १० टक्के आरक्षण कागदावर आहे, पण प्रत्यक्षात भरल्या जाणाऱ्या जागा त्याहून बऱ्याच कमी असतात. राहिले कॅन्टीन, स्वस्त साबण हा कशाचा मोबदला ठरतो, हे लेखकालाच ठाऊक.

आमच्या शेजारच्या निवृत्त हवालदारांची फाइल मी पाहिली आहे. सेवापुस्तकात पत्नीचे नाव माहेरचे, आधार कार्डावर सासरचे. आपल्याकडे लग्नात नाव बदलण्याची रीत असल्याने ही अडचण घरोघरची आहे. हवालदारांच्या पश्चात काकूंना कुटुंब निवृत्तिवेतन विनासायास मिळावे, एवढ्यासाठी प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातील जाहिरात आणि साक्षांकित प्रती जोडून अर्ज दोनदा गेला आणि दोनदा परत आला. एकदा केवळ छायाचित्रावर शिक्का नव्हता म्हणून. त्याच सुमारास, १४ जानेवारीच्या माजी सैनिक दिनी, त्यांना शाल-श्रीफळ देण्यात आले. शाल त्यांनी जपून ठेवली आहे, त्यांना ती आवडली. मी त्या कार्यक्रमाला नावे ठेवणार नाही. पण छायाचित्रावरचा शिक्का राहिला आहे हे पहिल्याच खेपेला सांगणारा कारकून मला तितकाच सन्मान करणारा वाटला असता. तिसरा अर्ज आम्ही गेल्या सोमवारी पाठवला, आणि या वेळी शिक्का हवालदारांनी स्वतः दोनदा तपासला.