स्कोपमधली रेघ म्हणजे मीटरपट्टी नव्हे

‘रायफल स्कोप पाच मिनिटांत शिका’ हा मेसेज महिनाभरात आमच्या नेमबाजी क्लबच्या तीन ग्रुपवर येऊन गेला. स्कोप म्हणजे रायफलवर बसवायची, नेम धरायची दुर्बीण. वाचला आणि सोडून दिला. परवा रात्री तोच दाजींनी पाठवला आणि खाली विचारलं, “भाच्याच्या एअर रायफलसाठी दुर्बीण मागवलीय. रविवारी गच्चीवर झिरो करू का, यात सांगितलंय तसं?” आता गप्प बसणं शक्य नाही. झिरो करणं म्हणजे ठरावीक अंतरावर गोळी नेम धरलेल्या जागीच लागेल अशी दुर्बीण जुळवणं.

गच्चीचं आधी बोलते, कारण रविवार जवळ आलाय. मेसेज म्हणतो, ‘छर्रा पन्नास मीटरवर जमिनीला लागतो, मागे जाड चादर टांगली की पुरे.’ हे धडधडीत खोटं आहे. नळी जराशी वर उचलली गेली तरी छर्रा शंभर मीटरच्या पुढे सहज जातो, आणि शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईचा डोळा जायला तेवढा पुरतो. आमच्या दहा मीटरच्या रेंजवरसुद्धा टार्गेटमागे लोखंडी पेटी आणि तिच्यामागे भिंत असते. नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची रंगीत खूण) घातल्याशिवाय कुणी रायफल सोडून उठत नाही. चादरीच्या भरवशावर मुलाच्या हातात रायफल देऊ नका.

आता तो रेटिकलचा, म्हणजे स्कोपमधल्या क्रॉस आणि रेघांचा मुद्दा. ‘क्रॉसखालची पहिली रेघ १०० मीटर, दुसरी २००, तिसरी ३००.’ हे लिहिणाऱ्याने आयुष्यात कधी टार्गेट कार्ड मोजलेलं नाही. रेघ अंतर दाखवत नाही, कोन दाखवते. मिल हे त्या कोनाचं माप. एक मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर, ५० मीटरवर ५, आणि भाचा जिथून मारणार त्या १० मीटरवर फक्त १. कोणत्या अंतराला कोणती रेघ धरायची, ते गोळी किती खाली येते यावर ठरतं. आमची .२२ (पॉइंट टू-टू) काडतुसाची रायफल घ्या. सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने निघालेली गोळी ५० मीटर गाठायला साधारण एक षष्ठांश सेकंद घेते, आणि तेवढ्यात नळीच्या रेषेपासून १२-१३ सेंटिमीटर खाली येते. गोळी नळीबाहेर पडल्या क्षणापासून खाली येत असते. म्हणून झिरो करताना नळीचं तोंड दृष्टिरेषेच्या मानाने किंचित वर ठेवावं लागतं. ५० ला झिरो केलेली हीच रायफल १०० ला मारलीत तर गोळी वीतभर खाली लागेल, म्हणजे अडीच मिल. काडतूस बदला, हिशेब बदलला. मेसेजमधलं ‘एकदा झिरो केलं की सगळ्या अंतरांना चालतं’ हेही इथेच संपलं.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करते. विशिष्ट काडतुसासाठी आखलेली, अंतराच्या खुणा असलेली रेटिकलं खरोखर विकली जातात. पण त्या खुणा तेच काडतूस, तोच वेग आणि स्कोपची तीच उंची असेल तरच जुळतात. शिवाय झूम बदलणाऱ्या बऱ्याच स्कोपमध्ये चित्र मोठं होतं, रेघा तेवढ्याच राहतात. तिथे खुणा एकाच झूमला खऱ्या असतात, बहुधा सर्वांत मोठ्या. १२ पट झूमवरून ६ पटवर आलात की एक मिलची खूण दोन मिल झाकते. मेसेजमध्ये यावर चकार शब्द नाही.

‘एमओए इंचांसाठी, मिल मीटरसाठी’ हेही चूक. दोन्ही कोनच आहेत; एमओए म्हणजे मिनिट ऑफ अँगल, एका अंशाचा साठावा भाग. एक एमओए १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर, बस.

राहिलं ‘ऑलिम्पिकवाले स्कोपनेच जिंकतात.’ आयएसएसएफची, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाची नियमावली उघडा. १० आणि ५० मीटर रायफलला दुर्बिणीची साइट चालतच नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची (पालथं झोपून मारायच्या प्रकाराची) विश्वविजेती झाली, स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य मिळवलं, दोघंही पीप साइटवर, म्हणजे भिंग नसलेल्या, बारीक भोकातून नेम धरायच्या साइटवर. त्याच नियमावलीत गुण मोजले जाणाऱ्या रेकॉर्ड शॉट्सच्या आधी तयारी आणि साइटिंगसाठी (साइट जुळवण्यासाठी) पंधरा मिनिटं दिलेली आहेत. झिरो कायमचा असता तर ती कशाला दिली असती? आणि १० मीटरच्या कार्डावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. साध्या मिल स्कोपचं चाक एक क्लिक, म्हणजे मिलचा दहावा भाग फिरवलं की नेम तिथे एक मिलिमीटर सरकतो, म्हणजे ठिपक्याच्या दुप्पट.

दाजी, तुमची रायफल स्प्रिंगची आहे. तिचा झटका आधी मागे आणि लगेच पुढे बसतो, साध्या दुर्बिणी त्यात खिळखिळ्या होतात. खोकं फोडू नका, परत करा. शनिवारी सकाळी साडेसातला भाच्याला क्लबवर घेऊन या. माझ्या पीप साइटवर पाच शॉट मारायला लावते, पाच भोकांच्या ग्रुपचा मध्य त्यालाच शोधू दे, क्लिक त्यालाच फिरवू दे, मग पुन्हा पाच.