सोळा पूर्णांक तीन

गेल्या महिन्यात तीनदा, मी फेसाने माखलेला असताना, बाथरूममध्ये काळोख झाला. लालबागला आमचं वन रूम किचन. गिझर, इस्त्री आणि मिक्सर एकदम चालू झाले की एमसीबीचा खटका पडतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक. वायरमन आला, "लोड येतो, साहेब" म्हणाला आणि 200 रुपये घेऊन गेला. लोड येतो ते मलाही कळत होतं. किती येतो?

रविवारी वही घेऊन बसलो. आम्ही मराठी माध्यमाचे. विभवांतर, विद्युतधारा, रोध हे शब्द अजून तोंडपाठ आहेत. त्यांचं काय करायचं असतं ते मात्र शेवटचा पेपर सुटला तेव्हाच विसरलो. व्होल्टेज 230, गिझर 2000 वॅटचा. दोन आकडे दिसले की गुणायचे, या सवयीने गुणले. उत्तर आलं 4,60,000 अँपिअर. एवढ्यात अख्खी विरार लोकल आमच्या मोरीतून सोडता आली असती.

"बाबा, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. अँपिअर काढायला भागायचं," दहावीतली कन्या मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली.

भागलं. गिझर 8.7 अँपिअर. मग 1827 साली ओहमसाहेबांनी सांगून ठेवल्याप्रमाणे 230 ला 8.7 ने भागलं, रोध आला 26 ओहम. इस्त्री 1000 वॅटची, 4.35 अँपिअर, रोध 53. मी दोनदा तपासलं. काम निम्मं आणि रोध दुप्पट! आमच्या ऑफिसात हे रोज बघतो, पण त्याला सूत्र आहे हे माहीत नव्हतं.

खातरजमा करायला लॅमिंग्टन रोडवरून मल्टिमीटर आणला. माळ्यावरचा जुना 100 वॅटचा पिवळा बल्ब काढला. हिशेबाने रोध 529 ओहम हवा. मीटर म्हणे 40. तडक दुकानात.

"काका, बल्ब थंड होता ना? तार तापली की रोध वाढतो. 529 पेटल्यावरचा," पोरगा म्हणाला. मी निघालो तसा मागून ओरडला, "पेटलेल्याला ओहमवर लावू नका हां, मीटर जाईल!" नेमका तोच विचार करत मी जिना उतरत होतो.

मिक्सर 750 वॅट, 3.26. एकूण 16.3 अँपिअर आणि आमचा एमसीबी 10 चा. तोही लगेच पडत नाही. आत दोन धातूंची पट्टी असते, ती तापून वाकायला वेळ लागतो. म्हणजे बरोबर साबण लावून डोळे मिटेपर्यंत.

मी वेळापत्रक करून फ्रिजवर चिकटवलं: आधी अंघोळी, मग वाटण, मग इस्त्री. आईने चष्मा लावून वाचलं. "हे मी वीस वर्षं सांगतेय," म्हणाली आणि खोबरं किसायला बसली.

सोमवारी साबण लावला आणि काळोख.

"इस्त्री कुणी लावली?" मी आतून ओरडलो.

"तुम्हीच. शर्टासाठी. चालू ठेवून आत गेलात," बायको म्हणाली. "आणि मिक्सर मी लावला, मला सातची गाडी आहे."

"सोळा पूर्णांक तीन, बाबा!" बाहेरून कन्या.