‘ऑइल जास्त असलेलं चांगलं’? तो मेसेज पुढे पाठवू नका

पॉवर वीडर आणि पाण्याच्या पंपाच्या छोट्या पेट्रोल इंजिनांसाठी ‘ऑइल तपासायचे पाच नियम’ असा एक मेसेज शेतकऱ्यांच्या ग्रुपवर फिरतोय. तो माझ्या मामापर्यंत पोचला, मामाने अक्षरशः तसंच केलं आणि आता त्याचा वीडर पांढरा धूर ओकतोय. ऐन भांगलणीच्या दिवसांत.

सगळ्यात घातक आहे तो तिसरा नियम: ‘हँडल जमिनीला टेकवून मशीन कलतं ठेवा आणि ऑइल भरा, जास्त बसतं. जास्त ऑइल म्हणजे इंजिनाला जास्त आयुष्य.’

होंडाचं जीएक्स १६० उदाहरणाला घेऊ, कारण बाजारातली कितीतरी इंजिनं त्याच धाटणीची आहेत. त्यात ऑइल बसतं जेमतेम ०.६ लिटर. मोटारीसारखा ऑइल पंप त्यात नाही. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला एक छोटी पळी असते, ती प्रत्येक फेऱ्याला ऑइलमध्ये बुडते आणि आत सगळीकडे ऑइल उडवते. ३,६०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३,६०० फेऱ्यांना, हे सेकंदाला ६० वेळा होतं. पातळी वर गेली की क्रँकच (रॉड ज्याला फिरवतो तो दांडा) ऑइल घुसळायला लागतो. फेस होतो, इंजिन तापतं आणि ऑइल ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या, नळीतून एअर क्लीनरमध्ये शिरतं. तिथून ते सिलिंडरमध्ये जाऊन जळतं, तोच हा धूर.

उलटही होतं. कलत्या इंजिनाचं खालच्या अंगाचं झाकण उघडलं तर थोड्याच ऑइलने तोंड भरून येतं. भरलं असं वाटतं, पण मशीन सपाट केलं की पळीला ऑइल पुरत नाही. मग रॉड क्रँकला धरतो, तुटतो, आणि कधी कधी ब्लॉक फोडून बाहेर येतो. दुरुस्तीपेक्षा नवं इंजिन परवडेल अशी गत.

एवढं मान्य करतो की जीएक्स १६० ला ‘तोंडाच्या काठापर्यंत’ हीच वरची मर्यादा आहे. पण इंजिन सपाट असताना! आणि ज्या इंजिनांना ऑइल भरायची उंच नळी असते, त्यांत तोंडापर्यंत भरलं तर कितीतरी जादा होईल. तिथे ऑइल मोजायच्या पट्टीवरची (डिपस्टिक) खूणच बघायची.

‘पट्टी फिरवून घट्ट बसवा, मग काढून बघा’ हा दुसरा नियम. होंडाच्या पुस्तिकेत नेमकं उलट आहे: पट्टी पुसा, आत घाला, फिरवू नका, काढून बघा. फिरवली की ती खोल जाते आणि कमी ऑइलही पुरेसं दिसतं. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या अनेक मॉडेलांत मात्र घट्ट बसवूनच बघायला सांगतात. सगळ्या इंजिनांना एकच नियम लावणाऱ्याने एक तरी पुस्तिका उघडायला हवी होती.

‘इंजिन चालू ठेवून तपासा’ यावर फार बोलायची गरज नाही. चालू इंजिनात ऑइल उडत असतं, तिथे पातळी कसली बघणार? शिवाय हात भाजेल. बंद करा, थोडं थांबा, मग बघा.

‘सेन्सर असेल तर बघायची गरज नाही.’ ऑइल कमी झालं की इंजिन बंद पाडणारा हा सेन्सर सगळ्या इंजिनांना नसतो. उतारावर मशीन सारखं बंद पडतं म्हणून त्याची वायर काढून ठेवणारेही आहेत. आणि सेन्सर बसवणारी होंडाच सांगते की सुरू करण्याआधी दर वेळी पातळी बघा.

राहिला पाचवा: ‘ऑइल काळं झालं तरच बदला, नाहीतर वरून भर घालत राहा.’ नुसत्या रंगावरून काही ठरत नाही, वापरात ऑइल काळं होतंच. हिशोब तासांचा ठेवायचा. जीएक्स १६० ला पहिली बदली २० तासांनी किंवा महिन्याने, पुढे दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी होईल ते. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदला. आणि भर न घालताच पातळी वाढली असेल, पट्टीला पेट्रोलचा वास येत असेल, तर कार्बोरेटरमधून पेट्रोल खाली उतरतंय. अशा वेळी इंजिन सुरूच करू नका. आधी कार्बोरेटरची फ्लोट नीडल (आत येणारं पेट्रोल अडवणारी सुई) तपासून घ्या, ऑइल पूर्ण काढा आणि मशीन सपाट ठेवून नवं भरा.