सुलभा देशपांडे यांची कारकीर्द ‘अपुरी’ होती का?

अभिनेत्री सुलभा देशपांडे यांच्यावरील माझ्या लेखावरची आपली सविस्तर प्रतिक्रिया दोनदा वाचली. सुलभाताईंच्या चित्रपटांना मी तीन ओळींत उरकले, ही आपली तक्रार मला मान्य आहे. ‘भूमिका’ आणि ‘जैत रे जैत’ (दोन्ही १९७७) यांवर लिहायला हवे होते, आणि ‘चौकट राजा’मधील (१९९१) नंदूच्या आईचा तर साधा उल्लेखही राहिला, याची मला खंत आहे.

मात्र हिंदी चित्रपटांनी त्यांना आई-सासूच्या भूमिकांतच अडकवले आणि म्हणून त्यांची कारकीर्द अपुरी राहिली, हे आपले अनुमान मला पटत नाही. पडद्यावर त्यांच्या वाट्याला बहुधा दुय्यम भूमिका आल्या, हे खरेच. पण ज्या अभिनेत्रीने १९६७ साली विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाची नायिका लीला बेणारे रंगमंचावर उभी केली आणि त्यावरील सत्यदेव दुबे यांच्या १९७१ च्या चित्रपटात तीच भूमिका पुन्हा केली, तिचे मोजमाप पडद्यावर मिळालेल्या मिनिटांनी कसे करायचे? बेणारे शिक्षिका आहे आणि सुलभाताईही दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. वर्गाला सामोरे जाण्याची ती सवय बेणारेच्या खेळकर हुकमतीत उतरली असावी, असे मला नेहमी वाटते.

१९७१ मध्ये पती अरविंद देशपांडे आणि रंगकर्मी अरुण काकडे यांच्यासह त्यांनी ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था उभी केली आणि पुढे त्याच छबिलदास शाळेचे सभागृह प्रायोगिक नाटकवाल्यांचे हक्काचे ठिकाण झाले. व्यावसायिक नाट्यगृहाचे भाडे ज्यांना कधीच परवडले नसते, अशा कितीतरी संस्थांचे प्रयोग तिथे होऊ शकले. ‘आविष्कार’च्या मुलांसाठीच्या ‘चंद्रशाला’ या विभागाला आपण ‘फावल्या वेळातला उपक्रम’ म्हटले आहे. हा शब्द मला लागला. ‘दुर्गा झाली गौरी’सारखे नृत्यनाट्य मुलांच्या पिढ्यांमागून पिढ्या घेऊन करत राहायचे, दर वेळी नव्या मुलांना उभे राहण्यापासून शिकवायचे, हे फावल्या वेळात होणारे काम नव्हे. १९८७ मध्ये अरविंदरावांचे निधन झाल्यावरही सुलभाताई या कामापासून दूर गेल्या नाहीत.

म्हणून मूळ लेखात चित्रपटांचा परिच्छेद मी वाढवतो, परंतु ‘चंद्रशाला’वरचा मजकूर आपण सुचवल्याप्रमाणे कमी करणार नाही.